बाईंची सतरावी

"इथं अंधार कुठं भेटते वं?"

बाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. एप्रिलमधली दुपार होती. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर आमची पॅथॉलॉजीची खोली होती आणि मी एकटीच काचपट्ट्या पुसत बसले होते. दारात एक उंच, हडकुळी बाई येऊन उभी राहिली. डोक्याला ओला पंचा गुंडाळलेला, एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात लाकडी पेटी. वय पन्नाशीचं. मला वाटलं, ऊन लागलंय. मी स्टूल पुढे केलं, पाणी दिलं. पाणी प्यायल्या आणि पुन्हा तेच.

"अंधार पायजे. पुरा. हाताचा पंजा दिसला नाही पायजे असा."

जुनी रजिस्टरं आणि फुटके स्टँड ठेवायची एक अडगळीची खोली होती, ती मी दाखवली. बाई आत गेल्या आणि दार लावून घेतलं. दहा मिनिटं काही आवाज नाही. मी घाबरून दारावर टकटक करणार तेवढ्यात त्या बाहेर आल्या.

"चालते. पण खालच्या फटीतून उजेड येऊन राहिला. काळा कागद हाये का?"

पुढची सहा वर्षं ती खोली त्यांची झाली. आणि म्हटलं तर माझीही.

बाई नागपुरातल्याच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. माहेर काटोलकडचं, शेतकऱ्याचं. एम.एस्सी. झाल्या, वीस-पंचवीस वर्षं वर्गावर उभ्या राहिल्या, पण बोली सोडली नाही. स्टाफरूममधले काही लोक पाठीमागे नक्कल करायचे म्हणे. बाईंना ते ठाऊक होतं. "करू दे. त्यांचं व्याकरण पक्कं हाये, नायट्रेशन कच्चं हाये," एवढंच म्हणायच्या.

लग्न केलं नव्हतं. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "दोनदा पाह्यले आले होते. त्यांनी मले पाह्यलं, मी त्यांले पाह्यलं. दोघांचंही निरीक्षण बरोबर निघालं."

त्यांच्या साड्या सुती, फिकट, आणि सगळ्यांना बारीक भोकं. ॲसिडचे थेंब उडून पडलेली. दर भोकाला त्या रंगीत दोऱ्यानं गोल टाके घालत. लांबून पाहणाऱ्याला वाटायचं, साडीवर भरतकाम आहे. जवळ बसलं की त्या एकेका टाक्यावर बोट ठेवून सांगायच्या, "हे सल्फ्युरिक. हे नायट्रिक. हे एका पोट्ट्यानं प्रॅक्टिकलले फ्लास्क फोडला तवाचं."

उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवायच्या. साडीला खिसा नसतो म्हणून परकराला शिवून घेतलेला. सगळ्या जगाला पुरावा मागणारी बाई लू लागू नये म्हणून कांदा बाळगते, याची मला गंमत वाटायची. "बाई, याला पुरावा काय?" मी विचारलं.

"काहीच नाही. मायनं सांगतलं होतं. एखादी गोष्ट बिनापुराव्याची असू द्यावं माणसानं. पण एकच. दोन झाल्या का सवय लागते."

त्या आमच्याकडे आल्या त्या शिवराममुळे. शिवराम त्यांच्या कॉलेजातला प्रयोगशाळेतला शिपाई. वीस वर्षं बाईंच्या बाटल्या, फ्लास्क, नळ्या त्यानंच धुतलेल्या. तंबाखूचा बार सतत गालात. त्या गालातच गाठ आली. आमच्याकडे त्याला कोबाल्टच्या किरणांचे शेक दिले, गाठ बसली, आणि पाच महिन्यांनी मानेशी दुसरी उठली. बाई त्याला घेऊन डॉक्टरांकडे आल्या. डॉक्टर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख, पुण्याकडचे, शांत, शिकवायची हौस असलेले. त्यांनी समजावून सांगितलं, की गाठ भराभर वाढते, रक्तवाहिन्या तेवढ्या वेगानं वाढत नाहीत, त्यामुळे गाठीच्या काही भागांत प्राणवायू पोचत नाही. अशा घुसमटलेल्या पेशींवर शेकाचा परिणाम फार कमी होतो. त्या मागे उरतात आणि पुन्हा वाढतात.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "शिवरामच्या गाठीत अशा पेशी हायेत, हे तुम्हाले समजलं कसं?"

"समजलं नाही. तसं आम्ही मानतो."

"मानता?" बाई म्हणाल्या. "डॉक्टरसाहेब, मानायले देव हाये. हे तर पाह्यलं पायजे."

डॉक्टरांनी हसून हात पसरले. बघायला साधन कुठे होतं? बाई त्या दिवशी निघून गेल्या. आठवड्यानं आल्या त्या अंधार विचारत.

लाकडी पेटीत जांभळ्या उजेडाचा दिवा होता, पाऱ्याच्या वाफेचा. साध्या उजेडात न दिसणारं पुष्कळ काही त्या दिव्याखाली चमकतं. बाईंना त्याचं वेडच होतं. हळद, कुनैनच्या गोळ्या, अंड्याचं टरफल, नीळ घातलेला माझा एप्रन, सगळं त्या दिव्याखाली धरून झालेलं. एकदा डॉक्टर आत आले तर त्यांचे दात तेवढे अंधारात फटफटले. बाई लगेच म्हणाल्या, "वरचा पुढचा खोटा बसवला हाये काय? तो चमकला नाही." डॉक्टर चार दिवस तोंड मिटून हसत होते.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं की बाई दिवा दाखवून जातील. पण दुपारी दीड वाजता मी डबा उघडला, तर त्या माझ्यासमोर येऊन बसल्या आणि माझ्याच भाकरीचा अर्धा तुकडा मोडून घेतला. विचारलं नाही, आडनावही विचारलं नाही. आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा मी पहिलीत होते. तेव्हापासून शाळेत, कॉलेजात, नोकरीत, माझ्या डब्यात हात घालण्याआधी लोक क्षणभर थांबतात, ते थांबणं मला ओळखू येतं. बाई थांबल्या नाहीत. चावत म्हणाल्या, "ठेचा जराक अजून झणझणीत पायजे."

त्यांची कल्पना अशी होती. एक रंगद्रव्य बनवायचं, जे दिव्याखाली मुळीच चमकणार नाही. त्याला एक नायट्रो नावाचा गट चिकटवलेला असतो, तो त्याचं तोंड दाबून धरतो. पेशीला हवा मिळत असेल तर काही घडत नाही. हवा नसेल तर पेशी स्वतःच तो गट मोडते आणि रंगद्रव्य हिरवट-पिवळं चमकू लागतं. "हवा हाये तोवर ही मुकी. हवा सरली का बोंबलते," असं त्या मला समजावायच्या. हे रंगद्रव्य बाई डांबरातून निघणाऱ्या एका पदार्थापासून बनवत. "खापरखेड्याच्या वीजघरात कोळसा जाळून उजेड करतात. मी न जाळता करून राहिली."

अशा सोळा जाती त्यांनी बनवल्या. कुठली पाण्यात विरघळेना, कुठली हवेतही चमके, कुठली पेशींनाच मारून टाकी. सतरावी जमली. तिचं रासायनिक नाव दोन ओळींचं होतं. आम्ही तिला 'सतरावी' म्हणू लागलो. "आज सतरावी कशी हाये?" म्हणत बाई आत येत, जशी घरात कोणी बाळंतीण असावी.

माझं काम म्हणजे तुकडे. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीतला तपासणीपुरता भाग ठेवून उरलेला फेकलाच जायचा. डॉक्टरांच्या परवानगीनं त्यातला ताजा तुकडा मी कोमट मिठाच्या पाण्यात घालून थिएटरमधून पळत आणायची. ब्लेडनं त्याच्या पातळ चकत्या कापायची. माझा हात त्या बाबतीत बरा होता. त्या चकत्या सतरावीच्या पाण्यात ठेवायच्या, नंतर धुवून दिव्याखाली पाहायच्या. आमच्या जुन्या मायक्रोस्कोपवर बाईंनी खाऊच्या गोळ्यांच्या पुड्याचा पिवळा चकचकीत कागद लावला होता, दिव्याचा जांभळा उजेड अडवायला.

आणि दर वेळी एक चकती आधी उकळत्या पाण्यात शिजवून घ्यायची. उकडलेली पेशी मेलेली. ती कुठलाही गट मोडू शकत नाही. म्हणजे ती चमकता कामा नये. चमकली तर समजायचं की चमक खोटी आहे, पेशीचा आणि हवेचा त्यात काही संबंध नाही. "जित्या तुकड्याहून उकडलेला मोठा," बाई म्हणायच्या. "जिता आपल्याले पायजे ते सांगते. उकडलेल्याले आपल्याशी काही लेनदेन नाही."

बाई स्वतः कधीच आधी पाहत नसत. कारण विचारलं तर म्हणाल्या, "मले काय दिसलं पायजे ते मले माहीत हाये. म्हणून माह्या डोळ्याचा भरवसा नाही." मग त्या बाहेर जाऊन मिळेल त्याला बोलावून आणत. आयाबाई, वॉर्डबॉय, लिफ्टवाला. एकदा उमरेडकडचे एक म्हातारे गृहस्थ मुलाला दाखवायला आणून बाकावर बसले होते. बाईंनी त्यांनाच धरून आणलं.

"या भाऊ. याच्यात डोळा लावा अन् काय दिसते ते सांगा."

म्हाताऱ्यांनी टोपी काढली, डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. "वावराच्या धुऱ्यावर गवत पेटून विझलं, का मंग रात्री मधीमधी लुकलुकते, तसं दिसून राहिलं बाई."

"सारं लुकलुकते का मधीमधी?"

"मधीमधी."

बाईंनी वहीत त्यांच्याच शब्दांत लिहिलं: 'गवत पेटून विझल्यावर मधीमधी.' त्या वहीत असली वाक्यं पुष्कळ होती. डॉक्टर ती वाचून कपाळाला हात लावायचे. पण तुकडा चमकत होता हे त्यांनाही दिसत होतं. दोन वर्षांत आमचं काम त्यांच्या मनात भरलं. त्यांनी मुंबईला पत्रं लिहिली. तिकडून कळलं की तीन तज्ज्ञ येऊन प्रत्यक्ष पाहतील, आणि पटलं तर या कामासाठीच बनवलेला परदेशी मायक्रोस्कोप मंजूर होईल.

आता मला माझं सांगायला हवं, कारण त्याशिवाय बाई पुऱ्या होत नाहीत.

सुरुवातीला मी दर वेळी तुकडा उकडत होते. पंधरा वेळा, वीस वेळा. दर वेळी तो काळाच. वहीत दर वेळी 'उकडलेला: चमक नाही.' पाणी उकळायला ठेवा, थांबा, गार करा, पुन्हा सगळं तेच. माझी बस असायची. घरी सासू आजारी होती. एक दिवस मी विचार केला, की आपल्याला उत्तर माहीत आहे, आणि न उकडताच लिहिलं: 'चमक नाही.' काही झालं नाही. दुसऱ्या वेळी लिहायला कमी त्रास झाला. अशा अकरा नोंदी मी केल्या.

तज्ज्ञ येणार त्याच्या आदल्या दिवशी सकाळी थिएटरमधून चांगला मोठा तुकडा मिळाला. उद्यासाठी सगळं तयार करायचं होतं. म्हणून खूप दिवसांनी मी पाणी उकळायला ठेवलं. जिवंत चकती छान चमकली. उकडलेली खाली ठेवली आणि डोळा लावला.

ती चमकत होती. तशीच. हिरवट-पिवळी.

मी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. दुपारपर्यंत दर वेळी तेच. कोणाला सांगितलं नाही तर उद्या सगळं पार पडेल, हे मला स्वच्छ दिसत होतं. उकडलेला तुकडा दाखवा असं कोणी म्हणणारही नव्हतं. वहीत अकरा वेळा लिहिलेलं होतंच.

बाई तीन वाजता आल्या. मी उभीच होते.

"बाई, उकडलेला चमकून राहिला."

"कधीपासून?"

"ते मला माहीत नाही."

"काहून माहीत नाही? वहीत तं..." त्या बोलता बोलता थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. वही उघडली आणि पानं मागे मागे उलटत गेल्या. "किती वेळा?"

"अकरा."

बाई स्टुलावर बसल्या. रागावतील, ओरडतील, असं मला वाटत होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवीतून लाल पेन काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"ज्या ज्या ठिकाणी केलं नाही, तिथं तिथं 'केलं नाही' असं लिही. तुह्या हातानं. खाली सही कर."

मी लिहिलं. अकरा वेळा. लिहिताना रडत होते, शाई पसरत होती. बाई म्हणाल्या, "अक्षर नीट काढ. वाचता आलं पायजे." शेवटची सही झाल्यावर त्या उठल्या. "आता दुसरं पाहू. माह्याकडून काय चुकलं ते."

ते संध्याकाळपर्यंत सापडलं. मे महिन्यात त्यांनी सतरावीचा मोठा साठा एकदम बनवला होता. तपकिरी बाटल्या संपल्या म्हणून साध्या काचेच्या बाटलीत भरून कॉलेजच्या खिडकीत ठेवला होता. नागपूरच्या उन्हानं त्यातल्या थोड्या भागाचा तो नायट्रो गट आधीच मोडून टाकला होता. म्हणजे सतरावीत थोडी आधीच बोंबलणारी मिसळलेली होती. ती जिवंत तुकड्यालाही चिकटे आणि उकडलेल्यालाही. मे ते ऑगस्ट, माझ्या अकरा नोंदी नेमक्या त्याच दिवसांतल्या.

"तू पह्यल्याच वेळी उकडलं असतं तं मेमध्येच समजलं असतं," बाई म्हणाल्या. "अन् मी बाटली सावलीत ठेवली असती तं तुह्यं खोटं खरं निघालं असतं. दोघी सारख्याच बह्याड, बिनडोक."

दुसऱ्या दिवशी तीन तज्ज्ञ आले. डॉक्टरांनी नवा टाय बांधला होता. बाईंनी दोन चकत्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाल्या, "या दोन्हीतली एक जिती हाये, एक उकडलेली. कोणती कोणती ते सांगा."

तिघांनी आळीपाळीनं पाहिलं. एक म्हणाले डावी. दुसरे म्हणाले उजवी. तिसरे हुशार होते. ते म्हणाले, "सांगता येत नाही."

"मलेही येत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणजे आमच्याजवळ आज दाखवण्यासारखं काही नाही. चूक आमची हाये, कालच सापडली. तुम्ही एवढ्या दूरून आले, चहा तरी घ्या."

डॉक्टरांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. पाहुणे गेल्यावर ते खोलीत आले. आवाज चढवणं त्यांना जमत नसे. म्हणाले, "बाई, एक महिना तुम्ही गप्प राहिला असतात तर? मायक्रोस्कोप तर आला असता. चूक नंतर दुरुस्त करता आली असती."

"आला असता," बाई म्हणाल्या. "अन् त्याच्यातून खोटं मोठ्ठं दिसलं असतं."

मी पुढे होऊन सांगायला तोंड उघडलं, की चूक माझी आहे. बाईंनी माझ्याकडे न पाहताच मला हातानं थांबवलं. डॉक्टर निघून गेले. महिनाभर ते आमच्या खोलीकडे फिरकले नाहीत, मात्र तुकडे देऊ नका असंही थिएटरला सांगितलं नाही.

"मला का थांबवलंत?" मी विचारलं.

"वहीत सही केली ना? वही कोणीही उघडून पाहू शकते. तोंडानं सांगून मोकळं व्हायचं असते माणसाले. मोकळं नोको होऊ. पाणी उकळायले ठेव."

पुन्हा सगळं पहिल्यापासून. बाईंनी एका लांब काचनळीत पांढरी भुकटी भरून वरून सतरावीचं द्रावण ओतलं. खाली सरकता सरकता त्याचे दोन पट्टे झाले. दिव्याखाली एक काळा, एक लखलखीत. लखलखीत पट्टा खोटा, तो फेकायचा. काळा तेवढा जपून ठेवायचा. मला त्या दिवशी वाईट वाटलं. इतकं सुंदर ते सगळं मोरीत गेलं.

शुद्ध सतरावी पहिल्यासारखी झळकत नव्हती. जिवंत तुकड्यात इथे तिथे फिकट उजेड, डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटं लागायची. पण उकडलेला काळा राहायचा. मधूनच एखाद्या दिवशी मात्र उकडलेलाही चमके. मी तसं लिहायची, माझं कुठे चुकलं ते शोधत बसायची, घरी जाऊन जेवण जायचं नाही. बाई नोंद वाचून फक्त "बरं" म्हणायच्या.

शिवरामच्या मानेतली गाठ मधली दोनेक वर्षं औषधांनी दबून होती, ती पुन्हा वाढून काढायची ठरली तेव्हा बाई त्याच्या खाटेशी गेल्या. मी बरोबर होते.

"शिवराम, तुह्या गाठीतला तुकडा मागून राहिली मी. तुले त्याचा फायदा नाही. आधीच सांगते."

शिवरामला बोलताना त्रास व्हायचा. "घ्या बाई. वीस वर्षं तुमच्या बाटल्या धुतल्या. आता मलेच बाटलीत भरा."

त्याचा तुकडा मीच आणला, मीच कापला. जिवंत चकतीत कडेला अंधार आणि मध्ये फिकट, पण स्पष्ट हिरवा उजेड. उकडलेली काळी. बाईंनी आयाबाईला बोलावलं, तिनंही तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी आम्ही वॉर्डात गेलो. शिवरामनं खुणेनं जवळ बोलावलं.

"चमकलं का?"

"चमकलं." बाई थांबल्या. "पण चमकलं म्हणजे चांगलं नाही गा. चमकलं म्हणजे तिथं हवा नाही, अन् शेक तिथं लागू पडत नाही."

"ते मले आधीच समजलं होतं," शिवराम म्हणाला. "तुमचं बरोबर निघालं का, ते विचारून राहिलो."

बाईंनी होकाराची मान हलवली. शिवराम त्या दिवाळीच्या आधी गेला. बाईंनी त्या दिवशी वर्ग घेतला आणि कॉलेजातल्या सगळ्या बाटल्या स्वतः धुतल्या, असं मला नंतर कळलं.

शंभर तुकडे झाल्याशिवाय छापायला काही पाठवायचं नाही, असं बाईंनी ठरवलं होतं. मी हट्ट करायची, चाळीस पुरे, पन्नास पुरे. त्या ऐकत नसत. आमचे बासष्ट झाले होते तेव्हा एका सकाळी डॉक्टर स्वतः खोलीत आले. हातात परदेशी मासिक होतं, समुद्रमार्गे कित्येक महिन्यांनी पोचलेलं. त्यांनी पान उघडून टेबलावर ठेवलं.

तिकडच्या कोणी तिघांनी तेच केलं होतं. रंगद्रव्य आमच्या सतरावीचं नव्हतं, पण तिच्या नात्यातलं होतं. नायट्रो गट, घुसमटलेल्या पेशी, चमक, सगळं तेच. फोटोसुद्धा होते, रंगीत.

मला खोलीतली हवा संपल्यासारखं झालं. पाच वर्षं! शंभरचा हट्ट नसता तर आमचं नाव तिथं असतं. बाई एकेक ओळ बोट ठेवून वाचत होत्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, पुन्हा फोटोंवर आल्या. आणि मी पाहिलं तर त्या हसत होत्या. एवढ्या वर्षांत त्यांचे सगळे दात मी पहिल्यांदाच पाहिले.

"खरं होतं वं!" त्या म्हणाल्या. माझा दंड धरून हलवला. "पाह्य ना! ते आपल्याले ओळखत नाहीत, आपण त्यांले ओळखत नाही. अन् त्यांलेही तेच दिसलं! खरं होतं!"

डॉक्टर दारात उभे होते. ते चष्मा पुसू लागले.

त्याच दुपारी बाई त्या तिघांना पत्र लिहायला बसल्या. अभिनंदन, आणि त्यांच्या लेखात न आलेली एक गोष्ट: हे रंगद्रव्य उन्हात ठेवलं तर खोटं चमकतं, आम्ही त्यात फसलो, शुद्ध असं करावं. बासष्ट तुकड्यांचा तक्ता जोडला. पत्राखाली दोन नावं घातली. पहिलं माझं.

मी वाचलं आणि म्हटलं, "बाई, माझं नाव काढा. माझ्यावर विश्वास ठेवून तुम्ही..."

"विश्वास?" बाई म्हणाल्या. "विश्वास कुठं ठेवला मी? त्या अकरा ओळींनंतर मी तुले तपासून राहिली होती. मधूनमधून एखादी बाटली जुन्या, उन्हानं बिघडलेल्या सतरावीची भरून द्यायची, वर चिठ्ठी नवीची. सहा वेळा दिली. सहाही वेळा तू लिहिलं, उकडलेला चमकला. त्या सहा या तक्त्यात धरल्या नाहीत."

मला आधी काही समजेना. मग ते दिवस आठवले. प्रत्येक दिवशी मी स्वतःला दोष देत घरी गेले होते.

"मी जेवत नव्हते त्या त्या दिवशी!" माझा आवाज चढला. बाईंशी मी तशी कधी बोलले नव्हते. "तुम्हाला सांगता नाही आलं?"

"सांगतलं असतं तं तपासणं कसं झालं असतं?" त्या शांतपणे म्हणाल्या. मग जरा खाली आवाजात, "तू जेवली नाही, ते मले दुसऱ्या दिवशी तुह्या तोंडावर दिसत जाय. मले बरं वाटत नव्हतं. पण आता मी हे नाव लिहून राहिली ते दया म्हणून नाही लिहून राहिली. मले माहीत हाये म्हणून लिहून राहिली."

राग गेला असं नाही, पण त्याच्यासोबत दुसरंही काही होतं, ज्याला मला अजून नाव देता येत नाही. बाईंनी पत्र माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, पाकीट चिकटवायच्या आधी एकदा नजर घाल, इंग्रजी तुझं माझ्याहून बरं आहे.

इंग्रजी ठीक होतं. माझ्या आडनावात एक अक्षर चुकलं होतं. मी त्यांच्याकडून पेन घेतलं आणि ते दुरुस्त केलं.